कोच गेला, आता कोण? कॉलेज फुटबॉलचे उमेदवार पारखायचे कसे

रविवार, ११ सप्टेंबर २०२२. आदल्या रात्री नेब्रास्का विद्यापीठाचा संघ घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा हरला होता आणि त्या दिवशी मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना घरी पाठवण्यात आलं. लिंकन शहरात दुसरा विषयच नव्हता. किराणा दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजींनी, मी कोण कुठला हे न विचारता, थेट प्रश्न टाकला, ‘आता कोणाला आणतील हो?’ मला तोवर चेंडू चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे न्यायचा असतो, एवढंच जेमतेम कळत होतं. ‘बघू या’ म्हणून मी कोथिंबिरीची जुडी पुढे सरकवली.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या माणसांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. ॲन आर्बर, कोलंबस, स्टेट कॉलेज, टस्कलूसा, गाव कुठलंही असो. कोच बदलायची वेळ आली की प्राध्यापकापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकाकडे तीन नावं तयार असतात. आपल्याकडेही असावीत आणि ती नुसती ऐकीव नसावीत, म्हणून ही रीत लिहून ठेवतो. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा, हे सांगायला नकोच.

आधी खुर्ची, मग माणूस

नवखा माणूस लगेच नावांकडे धावतो. देशातला सगळ्यात भारी कोच कोण? आणा त्याला! हे म्हणजे जागेचं माप न घेता कपाट आणायला निघण्यासारखं. आधी कागद घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं लिहा: इथे खेळाडू कुठून येतात, पैसा किती आहे, लोकांना काय हवंय आणि निर्णय कोणाच्या हातात आहे.

आमच्या नेब्रास्काचंच बघा. अख्ख्या राज्याची लोकसंख्या जेमतेम २० लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. वरच्या दर्जाची शाळकरी पोरं राज्यात दरवर्षी मूठभरच निघणार. बाकीची टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातून आणायची. २०११ मध्ये विद्यापीठ ‘बिग १२’ सोडून ‘बिग टेन’ गटात गेलं, त्यामुळे टेक्सासमधल्या संघांशी नेमाने होणारे सामने बंद झाले आणि तिथल्या पोरांशी असलेली ओळख पातळ झाली. पैशाला मात्र तोटा नाही. १९६२ पासून घरच्या मैदानावरचा एकेक सामना ‘तिकिटं संपली’ या पाटीखाली झाला आहे. सामन्याच्या दिवशी मेमोरियल स्टेडियम हे राज्यातलं लोकसंख्येने तिसरं शहर होतं, असं इथे अभिमानाने सांगतात.

आणि अपेक्षा? पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं: १९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७. मुख्य कोच टॉम ऑसबॉर्न यांची २५ वर्षं आणि २५५ विजय. लोकांच्या मनातली फूटपट्टी ती आहे. म्हणूनच २००३ मध्ये फ्रँक सोलिक यांना नऊ सामने जिंकलेल्या हंगामाच्या शेवटी काढलं, आणि २०१४ मध्ये दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकणाऱ्या बो पेलिनींनाही. सोलिक यांच्या जागी आलेले बिल कॅलहन २७ जिंकून २२ हरले. पेलिनींच्या जागी आलेले माइक रायली १९ जिंकले, १९ हरले. हातचं सोडून पळत्याच्या मागे, दुसरं काय!

इथे एक सापळा आहे, तो ओळखायला शिका. गेलेल्या कोचचा जो दोष लोकांना खुपत असतो, नेमका त्याच्या उलट्या स्वभावाचा माणूस शोधला जातो. पेलिनी तापट, पंचांवर आणि पत्रकारांवर डाफरणारे. म्हणून आले रायली, गावात ज्यांच्याबद्दल कोणी वाईट बोलणार नाही असे. कोच म्हणून काय हवं हा प्रश्न बाजूलाच राहिला. तुमच्या विद्यापीठात चर्चा ‘आता जरा शांत माणूस हवा’ किंवा ‘आता जरा कडक हवा’ या वळणाला लागली की समजा, माप चुकतंय.

निर्णय मुळात ॲथलेटिक डायरेक्टरचा, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा कारभार बघणाऱ्या माणसाचा. त्याच्या वर कुलपती, त्यांच्या वर नियामक मंडळ आणि शेजारी खिसा मोकळा सोडणारे देणगीदार. काही जण उमेदवार शोधून देणारी व्यावसायिक संस्थाही नेमतात. तिचा खरा उपयोग गुपचूप चौकशी करायला होतो.

तारखा पाठ करा

साखळी सामने नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी संपतात. लगेच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळकरी खेळाडू करारपत्रावर सह्या करतात. जानेवारीत ‘ट्रान्सफर पोर्टल’ उघडतं. त्यात नाव टाकलं की खेळाडूला विद्यापीठ बदलता येतं. म्हणजे कोच नसलेल्या विद्यापीठाच्या हातात खरं तर चार-पाच दिवस असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कोचला काढायची जी घाई दिसते, तिचं कारण हेच: महिना-दोन महिने आधी चौकशी सुरू करता येते.

याच तारखांमुळे लेन किफिन प्रकरण घडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना काढलं आणि ३० नोव्हेंबरला ओल मिसचे, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचे, कोच किफिन तिथे गेले. ओल मिस तेव्हा ११ जिंकून फक्त एक सामना हरलेलं, अजिंक्यपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर. संघ तिथेच, कोच पसार! सहायक पीट गोल्डिंग यांच्या गळ्यात माळ पडली आणि त्यांनी संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. कोच गेला की हंगामही गेला, हे दर वेळी खरं नसतं.

यादीचे पाच खण

नावं ऐकली की ती या खणांत टाकत जा.

मधल्या फळीतल्या विद्यापीठाचा यशस्वी मुख्य कोच: हा सगळ्यात भरलेला खण. दुसरा, मोठ्या संघाचा कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा सहायक कोच. कर्बी स्मार्ट असेच. अलाबामात मुख्य कोच निक सेबन यांच्या संघाचा बचाव सांभाळून जॉर्जियात आले आणि २०२१, २०२२ ही दोन्ही अजिंक्यपदं घेतली. तिसरा, एनएफएलमधून, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधून, परतणारा. चौथा, घरचा मुलगा, म्हणजे त्याच विद्यापीठाचा माजी खेळाडू. पाचवा, हंगामी कोच, ज्याला मधल्या काळापुरतं बसवलंय. हा खण लोक हसण्यावारी नेतात, पण डॅबो स्विनी २००८ मध्ये क्लेमसनचे हंगामी कोचच होते. त्याआधी कोऑर्डिनेटरही नव्हते, नुसते रिसीव्हर मंडळींना, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना, शिकवायचे. पुढे २०१६ आणि २०१८ ची अजिंक्यपदं त्यांनी आणली.

चौथ्या खणाबद्दल मात्र सावध राहा. घरचा मुलगा आला की गावाला भरून येतं आणि कागद तपासायचं राहून जातं. याचा धडा आम्ही लिंकनकरांनी चांगला घेतला आहे.

रेकॉर्ड वाचायचं म्हणजे काय

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश.

फ्रॉस्ट नेब्रास्काच्याच वुड रिव्हर गावचे. १९९७ च्या अजिंक्य संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारे खेळाडू. २०१५ मध्ये फ्लोरिडातला सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ बाराच्या बारा सामने हरला होता; फ्रॉस्ट तिथे गेले, पहिल्या वर्षी ६ जिंकले, ७ हरले आणि दुसऱ्या वर्षी तेराच्या तेरा जिंकले. शून्यावरून तेरा! २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते घरी आले तेव्हा नेमणुकीविरुद्ध बोलणारा माणूस शोधून सापडला नसता.

आता त्याच आकड्यांकडे परत बघू. एक: तो ‘शून्य’ कुठला? सेंट्रल फ्लोरिडा २०१३ मध्ये १२ जिंकून १ हरलं होतं, २०१४ मध्येही ९ जिंकलं. म्हणजे विहीर कोरडी नव्हती, एका वर्षी दोर तुटला होता. दोन: ते विद्यापीठ ऑरलँडोला, तासाभराच्या अंतरावर दर्जेदार खेळाडूंच्या शाळाच शाळा. लिंकनच्या आसपास मका. तीन: सगळा हिशेब दोन वर्षांचा. आपण निवडून आणलेली पोरं तिसऱ्या-चौथ्या वर्षी कशी खेळतात, हे तिथे दिसायलाच वाव मिळाला नाही.

नेब्रास्कात निकाल काय लागला? १६ विजय, ३१ पराभव. त्यातही एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव. हा आकडा प्रत्येक उमेदवाराचा काढायला शिका. एक-दोन वर्षं अटीतटीचे सामने हरणं हे नशीब. चार वर्षं हरणं म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत बाकावर गोंधळ आहे. उलटही खरं: एखाद्याचं रेकॉर्ड अशाच निसटत्या विजयांवर उभं असेल तर पुढच्या वर्षी ते खाली येण्याची शक्यता जास्त.

फ्रॉस्टनंतर माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने, तो तीन पिढ्यांचा हस्कर, म्हणजे नेब्रास्का संघाचा चाहता, मला जेवणाच्या सुट्टीत कागदी रुमालावर हे लिहून दाखवलं, आधी विजय, मग पराभव. मॅट रूल, टेंपल विद्यापीठ: २-१०, ६-६, १०-४. खालच्या ओळीत, त्याच मापात, बेलर विद्यापीठ: १-११, ७-६, ११-३. मग पेन ठेवून रन्झाचा घास घेतला. (रन्झा म्हणजे इथला लाडका पाव, आत कोबी आणि गोमांसाचा खिमा. नुसत्या कोबीचा मिळाला असता तर मीही हस्कर झालो असतो.) दोन वेगळ्या राज्यांत, दोन वेगळ्या प्रकारच्या विद्यापीठांत, तोच चढ. बेलरमध्ये तर त्याआधी मोठं प्रकरण होऊन जुना कोच गेला होता, संघ खिळखिळा होता. मधली वजाबाकीही त्याने लिहिली: एनएफएलमध्ये कॅरोलायना पँथर्स, ११ विजय, २७ पराभव, ऑक्टोबर २०२२ मध्ये हकालपट्टी. ‘पण ते वेगळं काम आहे,’ तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तिथे प्रौढ, पगारी खेळाडू असतात; इथे अठरा वर्षांची पोरं आणि त्यांचे आईबाप.

तुम्हीही प्रत्येक नावासाठी असा रुमाल तयार करा. वर्षवार विजय-पराभव, आधीच्या कोचने काय ठेवलं होतं, आणि तो गेल्यावर संघाचं काय झालं. शेवटचा रकाना कोणी भरत नाही, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो.

आणि एक उलटं उदाहरण, कारण मोठी नावंच बघायची सवय लागते. इंडियाना विद्यापीठ म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. फुटबॉलमध्ये देशात सर्वाधिक सामने हरल्याचा विक्रम तेव्हा त्यांच्या नावावर होता. ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी कर्ट सिग्नेटी यांना घेतलं. वय ६२. पूर्वी सेबन यांच्या हाताखाली सहायक होते, ती नोकरी सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मुख्य कोच झाले, मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन. तिन्ही ठिकाणी एकही हंगाम पराभव जास्त असा नाही. जेम्स मॅडिसनला ५२ विजय, ९ पराभव. खेळाडूंना आपली योजना कशी पटवता म्हणून विचारलं तर म्हणाले, मी जिंकतो, गूगल करून बघा. येताना जुन्या संघातले डझनभर खेळाडूही घेऊन आले. पहिल्या वर्षी ११-२. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय अजिंक्यपद. गूगल करायला पैसे पडत नव्हते, पण त्यांच्या साठीपर्यंत कोणा मोठ्या विद्यापीठाने ते केलं नाही.

पैसा: जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा

करार मोडला तर द्यायची रक्कम, तिला सगळे ‘बायआउट’ म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी असते, हे नवख्याला कळत नाही. विद्यापीठाने काढलं तर विद्यापीठ देणार. कोच स्वतः दुसरीकडे गेला तर त्याच्या वतीने नवं विद्यापीठ जुन्याला देणार.

फ्रॉस्ट यांची रक्कम दीड कोटी डॉलर होती. १ ऑक्टोबरला ती निम्मी, ७५ लाख होणार होती. तीन आठवडेही थांबले नाहीत! गावाचा संयम किती सुटला होता ते त्या ७५ लाखांवरून मोजा. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामाने दोन दिवसांत वॉशिंग्टनचे केलन डीबोअर उचलले, तेव्हा वॉशिंग्टनला १ कोटी २० लाख मिळाले. मग वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा कोच घेतला, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा. आठवडाभरात एकापाठोपाठ तीन खुर्च्या रिकाम्या.

सरकारी विद्यापीठांचे करार बहुतेक राज्यांत जनतेला बघता येतात. तुमच्या यादीतल्या माणसाचा करार शोधा, नवीन वाढ कधी मिळाली ते बघा. नुकताच करार वाढवून मिळालेला कोच महाग पडतो, आणि पुष्कळदा तुमच्या विद्यापीठाचं नाव त्याच्या एजंटने त्या वाढीसाठीच वापरलेलं असतं.

जुलै २०२५ पासून आणखी एक खर्च वाढला आहे. एका न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांसाठी मिळून. चांगला उमेदवार आता मुलाखतीत उलट विचारतो, ‘यातले फुटबॉलला किती?’ त्याचं उत्तर विद्यापीठाकडे नसेल तर तो येत नाही.

अफवांचा हंगाम

या काळात लोक खासगी विमानांचे क्रमांक पाठ करतात. अमुक गावाहून एक विमान लिंकनला उतरलं की संध्याकाळपर्यंत साखरपुडा ठरलेला. विमानात बहुधा मक्याच्या बियाण्याचा व्यापारी असतो.

कोचच्या नकारावरही विसंबू नका. डिसेंबर २००६ मध्ये एनएफएलमधल्या मायामी डॉल्फिन्सचे कोच असलेल्या सेबन यांनी पत्रकारांना ठणकावून सांगितलं होतं, मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला ते अलाबामाचे कोच झाले. त्याआधी अलाबामाला रिच रॉड्रिगेझ या दुसऱ्या कोचनी नकार दिला होता. पहिली पसंती हुकली आणि नशीब उघडलं. तेव्हा ‘आपल्याला तिसऱ्या क्रमांकाचा मिळाला’ असं ऐकलं तर लगेच खट्टू होऊ नका.

बायोडेटा तपासणं हे विद्यापीठाचं काम, आपलं नाही. पण ते कधीकधी तेही करत नाहीत. २००१ मध्ये नोत्र दामने जॉर्ज ओ’लिअरी यांना नेमलं आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण पदवी आणि कॉलेजातल्या खेळाबद्दलची माहिती खोटी निघाली. हेच ओ’लिअरी पुढे सेंट्रल फ्लोरिडात गेले. वर सांगितलेला १२-१ चा हंगाम त्यांचाच, आणि शून्याच्या वर्षाची सुरुवातही त्यांचीच.

नाव जाहीर झाल्यावर

पहिली पत्रकार परिषद बघायची असेल तर करमणूक म्हणून बघा. तिथे प्रत्येक जण जिंकलेला असतो. त्यापेक्षा पुढच्या तीन आठवड्यांत दोन याद्या बघा: त्याने सोबत कोणते सहायक आणले आणि जुन्या संघातले कोणते खेळाडू पोर्टलमध्ये गेले नाहीत. राहिलेल्यांची यादी आलेल्यांपेक्षा जास्त सांगते.

रूल २६ नोव्हेंबर २०२२ ला नेमले गेले, आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरवर. माझ्याकडे तो रुमाल अजून आहे, त्यावर मी तिसरी ओळ लिहीत गेलो. २०२३: ५-७. २०२४: ७-६, आणि २०१६ नंतर पहिल्यांदा बोल सामना (चांगल्या संघांना हंगामाअखेर मिळणारा जादा सामना), तोही जिंकलेला. मग तिसरं वर्ष, ज्याची सगळं गाव वाट बघत होतं: ७-६. क्वार्टरबॅक नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी पाय मोडून बसला आणि हंगाम संपल्यावर दुसऱ्या विद्यापीठात गेला.

सहकाऱ्याला तो रुमाल दाखवला. तो बराच वेळ बघत बसला. टेंपल आणि बेलरमध्ये तीच पोरं तीन वर्षं एकत्र मार खात मोठी झाली होती, म्हणून तिसऱ्या वर्षी चढ दिसला; आता पोर्टलमुळे मार खाल्लेली पोरं तिसऱ्या वर्षापर्यंत थांबतच नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं. मला ते पटलं. तेव्हापासून रुमालावर मी चौथा रकाना वाढवला आहे: दर वर्षीच्या संघात मागच्या वर्षीचे किती जण उरले. २०२१ च्या आधीचं रेकॉर्ड वाचताना हा रकाना जवळजवळ भरलेला दिसतो, त्यानंतरच्यात अर्धा रिकामा. उमेदवाराचे जुने आकडे नव्या काळात किती चालतील, ते त्या रकान्यावरून ठरवा.